वहिनींची जांभळी शाल

जळगावात लोकर विणणाऱ्या बाईकडे लोक जरा संशयानेच बघतात. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि मी कूलरसमोर मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसलेली असते. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी म्हणतात, "बघूनच घाम फुटतो हो." मला मात्र सवय झाली आहे. शाळेतली नोकरी संपली, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली, हे दिवसभर डाळमिलच्या ऑफिसात, आणि रिकामे हात मला कधीच जमले नाहीत. लहानपणी आईने शिकवलेलं विणकाम मोबाइलवरचे व्हिडिओ बघत पुन्हा सुरू केलं, आणि मग थांबलेच नाही.

विणायचं ते कुणाला तरी द्यायला. शेजारणीच्या नातवाला टोपरं, मुलीच्या सासूबाईंना शाल, शाळेतल्या मैत्रिणींना क्रोशाचे रुमाल, ह्यांच्या मित्रांना मफलर. थंडी आपल्याकडे पडते तेव्हा कडाक्याची पडते, पण दिवस थोडे. बाकीचं वर्ष माझं सगळं विणकाम लोकांच्या कपाटांत डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहणार, हे मला कळत होतं. तरी पिशवीतून वस्तू काढून दिली की समोरच्याचं तोंड कसं उजळायचं! "अगंबाई, स्वतः केलंत?" ते ऐकायला मला आवडायचं. खोटं कशाला बोलू, बरंचसं त्यासाठीच मी विणायची.

सगळ्यात जास्त गेलं ते धुळ्याला, माहेरी. देवपुरात भावाचं घर आहे. भाचा पुण्याला नोकरीला, त्यामुळे घरात तिघंच: भाऊ, वहिनी आणि आई. आईला काही वर्षांपासून विसरायला व्हायला लागलं होतं. आधी ती गॅस बंद करायचं विसरायची, मग नावं विसरायला लागली, मग माणसं. वडील जाऊन बराच काळ झाला, पण संध्याकाळ झाली की ती त्यांच्या जेवणाचं विचारायची. पुढे पुढे तिला अंगावरच्या कपड्यांचं, जेवल्याचं, मोरीत जायचंही भान राहिलं नाही.

एक रविवार आड मी धुळ्याला जायची. सकाळची एसटी, खिडकीजवळची जागा, हातात सुया. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, की धुळं. घरी पोचलं की आईच्या पलंगाशी खुर्ची ओढायची आणि पुन्हा विणायला बसायचं. आई सुयांकडे टक लावून बघायची. कधी हात पुढे करायची. टाके निसटतील म्हणून मी तो हात हलकेच बाजूला करायची.

तेवढ्या वेळात वहिनी आत-बाहेर करत असायच्या. आईची चादर बदलायची, तिला न्हाऊ घालायचं, मऊ भाताचा घास भरवायचा, तो तिने थुंकला की पुसायचं आणि दुसरा भरवायचा. मी उठायला लागले की म्हणायच्या, "बसा हो ताई, तुम्ही कुठे रोज येता. त्यांच्याजवळ बसा, तेवढंच त्यांना बरं वाटेल." मी बसायची. सुरुवातीला एखाद्या वेळी खरंच उठले असेन. पुढे नुसतं खुर्चीतून जरा पुढे सरकायचं आणि त्यांनी "बसा" म्हणायची वाट बघायची, एवढंच उरलं.

निघताना मी काहीतरी देऊन यायची. भावाला बिनबाह्यांचं तपकिरी स्वेटर दिलं, भाच्यासाठी टोपी, आईला मोजे आणि त्यावर आणखी मोजे. वहिनींना गेल्या दिवाळीत जांभळी शाल दिली. तिच्यावर पानांची नक्षी होती. एक टाका चुकला की अख्खी ओळ उसवावी लागे. सगळा पावसाळा मी त्या शालीत घालवला होता. वहिनींनी ती खांद्यावर टाकून आरशात पाहिलं. त्यावर बराच वेळ हात फिरवला. "इतकं कशाला करता ताई माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. परतीच्या बसमध्ये माझं मन अगदी तृप्त होतं. या बाईच्या कष्टांची जाण घरात एकट्या मलाच आहे, असं मला वाटत होतं. भावाला असं काही सुचलं असतं का कधी?

त्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. ह्यांच्या मामांना धुळ्याला दवाखान्यात ठेवलं होतं, त्यांना भेटायला मी एका मंगळवारी गेले. भेट लवकर आटोपली. हाताशी वेळ होता, म्हणून फोन न करताच रिक्षाने देवपुरात गेले. म्हटलं, आईला बघून येऊ.

दार नुसतं लोटलेलं होतं. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. मागच्या अंगणात सकाळपासून छान ऊन येतं, तिथे खाटेवर आई पाय पसरून बसली होती. तिच्या मांडीवर माझी जांभळी शाल होती. म्हणजे उरलेली शाल. एक टोक धरून आई ओढत होती, ओळ सरसर सुटत होती, आणि सुटलेला धागा ती डाव्या हाताच्या अंगठ्याभोवती आणि करंगळीभोवती फिरवत होती. एकदा इकडून, एकदा तिकडून, जराही न चुकता. तिचा चेहरा इतका शांत मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

वहिनी खाटेच्या पायाशी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपल्या होत्या. तोंड उघडं, मान एका बाजूला कललेली. आई उठली तर कळावं म्हणून तिच्या गाउनचा काठ मुठीत धरलेला होता. शेजारी ताट होतं. त्यात अर्धी भाकरी आणि वांग्याची भाजी, दोन्ही वाळून गेलेली.

"वहिनी," मी हाक मारली.

त्या दचकून जाग्या झाल्या. आधी आईकडे पाहिलं, मग शालीकडे, मग माझ्याकडे. चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"ताई? तुम्ही? आज तर रविवार नाही."

"ही मी तुमच्यासाठी केली होती," मी म्हणाले.

त्या दिवसातलं दुसरं काहीही विसरेन, पण हे वाक्य विसरत नाही. समोर एक बाई घास अर्धा टाकून झोपून गेली होती. आणि मला आधी दिसली ती शाल.

वहिनी घाईघाईने आईच्या हातातून शाल काढून घ्यायला लागल्या. आई किंचाळली, दोन्ही हातांनी तिने ती छातीशी आवळली. "राहू द्या," मी म्हणाले. पण ज्या आवाजात म्हणाले, तो ऐकून वहिनी आणखीच कानकोंड्या झाल्या.

"ताई, दुसरं काही धरतच नाहीत हो त्या," त्या सांगायला लागल्या. "गादी फाडून कापूस काढला. मध्ये तर स्वतःचे केस उपटत होत्या. मग एकदा तुमचे मोजे हाताला लागले त्यांच्या. ते उसवत बसल्या तर कितीतरी वेळ आवाज नाही, रडणं नाही. मी मग बाजारातून साधं स्वेटर आणून दिलं. पण ते मशीनचं, ते उसवतच नाही. धागा तुटतो, गाठ बसते, मग चिडतात. तुमच्या हातचं कसं सरळ सुटत जातं."

"म्हणजे बाकीचंही?"

त्या आत गेल्या आणि कापडी पिशवी घेऊन आल्या. पिशवीत लोकरीचे गुंडे होते. तपकिरी म्हणजे भावाचं स्वेटर. निळा आणि पांढरा म्हणजे भाच्याची टोपी. बाकीचे सगळे मोजे.

"धुऊन ठेवली बठ्ठी," वहिनी म्हणाल्या. एरवी त्या 'सगळी' म्हणाल्या असत्या, माझ्याशी त्या शहरी मराठीच बोलतात, पण तेव्हा त्यांना ते भान नव्हतं. "एक धागासुद्धा फेकला नाही. शाल सगळ्यात शेवटी काढली, ताई. कालच. माझ्यानं देववत नव्हती."

त्यांनी चहा टाकला. मी बस चुकेल म्हणून निघाले. बस चुकणार नव्हती.

सगळा रस्ता मी मनातल्या मनात भांडत होते. सांगायचं तरी होतं मला. विचारायचं तरी. पानांच्या नक्षीतली एकेक चूक कशी दुरुस्त केली होती, ते आठवून मला रडू येत होतं. घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. हे जेवत होते.

"आईनेच उसवली ना?" हे म्हणाले. "परक्याने तर नाही."

"तुम्हाला नाही कळायचं ते."

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "वहिनी जेवता जेवता झोपल्या होत्या म्हणतेस?"

मी ताटं उचलायला लागले.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. "ताई, माझं चुकलं. तशीच जांभळी लोकर मी आणून देते." मी म्हटलं, "असू द्या आता, त्यात काय." हे मी अशा काही सुरात म्हटलं की पुढे बोलायला जागाच राहिली नाही. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं, पण पुन्हा लावला नाही.

मग भावाचा फोन आला. भाऊ सहसा फोन करत नाही. "तू काय बोललीस तिला?" त्याने विचारलं. "कालपासून जेवली नाही ती नीट."

"मी काहीच बोलले नाही."

"तेच असेल मग." तो म्हणाला. "हे बघ, तिचं आधीच डोकं ठिकाणावर नाही. तिची आई पडली ना पारोळ्याला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण अजून अंथरुणातच आहेत."

"कधी?"

"दिवाळी झाल्यावर लगेच. ही सकाळी गेली आणि दिवस मावळायच्या आत परत आली. आपल्या आईला कोण बघणार? त्यानंतर जाणंच झालं नाही तिचं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलं का कधी तिच्या आईचं?"

मी भावालाच उलट ऐकवलं. तू रजा का नाही घेतलीस, तू का नाही आईजवळ बसलास. तो म्हणाला, आई त्याला अंगाला हात लावू देत नाही, ओरडते. मी फोनवर त्याच्यावर चिडत होते, आणि चिडता चिडताच मला पारोळ्याचा बसस्टँड दिसत होता. धुळ्याची एसटी तिथे थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरतात. दिवाळीनंतर कितीतरी वेळा मी त्या स्टँडवर खिडकीशी विणत बसले होते. तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर वहिनींच्या आई अंथरुणाला खिळून होत्या. वहिनी मला म्हणू शकल्या असत्या, ताई, वाटेत उतरून जरा बघून या, एवढा डबा पोचवा. त्या काही म्हणाल्या नाहीत. मी पोचले की त्या मला चहा द्यायच्या आणि "बसा" म्हणायच्या.

त्या शनिवारी मी कपड्यांची बॅग घेऊन धुळ्याला गेले. वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून खिचडीला फोडणी देत होत्या. मी म्हटलं, "तुम्ही पारोळ्याला जा. मी इथे आहे."

"किती दिवस?"

"तुम्हाला राहावंसं वाटेल तितके."

त्यांनी गॅस बारीक केला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला नाही जमायचं, ताई," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. पाऊस येईल असं वाटत नाही म्हणावं, तसं म्हणाल्या.

"वहिनी, मला का नाही सांगितलंत तुमच्या आईचं?"

"काय सांगणार?" त्या कढईत झारा फिरवत राहिल्या. "तुम्ही दर वेळी इतकं घेऊन यायच्या. सगळ्यांसाठी. वर आणखी मागायचं म्हटलं तर तोंडच उघडेना माझं."

इतकी वर्षं मी समजत होते की मी देते आहे. त्या मात्र माझी प्रत्येक भेट घेता घेता जरा जास्तच गप्प होत गेल्या होत्या.

बॅग भरता भरता त्यांनी मला सगळं सांगितलं. आईला पाणी चमच्याने द्या, ग्लासने ठसका लागतो. न्हाऊ घालताना आधी पायांवर पाणी ओता, डोक्यावर एकदम नको. औषधाची गोळी गुळात घालून द्या. ती "घरी चालनी मी" म्हणाली की नाही म्हणू नका. म्हणा, जेवून जा. मग विसरते. दारातून परत आल्या, पुन्हा काहीतरी सांगितलं. रिक्षात बसल्यावरही मान बाहेर काढून म्हणाल्या, "उन्हात बसवा त्यांना, नाहीतर दिवसभर चिडचिड करतात."

पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवसापासून आई वहिनींना शोधायला लागली. दाराशी जाऊन उभी राहायची. "माय कोठे गयी?" विचारायची. आई वहिनींना माय म्हणते, हे मला माहीतच नव्हतं. रविवारच्या भेटीत ते कानावर पडलं असेल, पण तेव्हा माझं लक्ष टाक्यांत असणार.

"आई, मी आहे ना."

"तू कोन व?" ती म्हणायची. रागाने नाही. बसमध्ये शेजारी येऊन बसलेल्या बाईला विचारावं तसं.

ती माझ्या हातून घास घेईना. घेतला तर गालात धरून ठेवायची आणि मग माझ्या अंगावर थुंकायची. मी तिचे कपडे बदलायला गेले की चिमटे काढायची. भाऊ ऑफिसला निघताना माझ्याकडे बघायचा आणि चपला घालून पटकन बाहेर पडायचा. त्याला बोलायला मला तोंड नव्हतं. इतके दिवस मीही तशीच परतीची बस गाठत होते.

मग एका सकाळी मी स्वयंपाकघरात असताना आईने स्वतःचा डायपर काढून टाकला, आणि मी येईपर्यंत पलंग, भिंत, हात, केस, सगळं माखून घेतलं होतं. मी ओरडले. काय काय बोलले ते लिहिणार नाही. तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत मोरीत नेलं. ती एकदम ढिली पडली. दुसरा हात तिने तोंडावर आडवा धरला. मार बसणार असं वाटलं की लहान मूल धरतं, तसा. मी तिला कधी मारलं नव्हतं, त्या दिवशीही मारलं नाही. पण तिला तसं वाटलं होतं.

मी गरम पाणी काढलं. आधी पायांवर ओतलं. तिला धुतलं, पुसलं, धुतलेला गाउन घातला. ती माझ्याकडे न बघता सगळं करू देत होती, आणि तेच जास्त लागत होतं. दुपारपर्यंत तिच्या मनगटावर माझी बोटं उमटली. तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे, जरा जोरात धरलं तरी निळी पडते. मी खोबरेल लावलं. त्याने काय होणार होतं?

शाल तोवर संपली होती. उसवायला घरात काही उरलं नव्हतं. मी कापडी पिशवी काढली, दोन गुंडे घेतले आणि जाड सुयांवर टाके घातले. नक्षी नाही, माप नाही, नुसता साधा टाका, सैल हाताने. सकाळी ती झोपलेली असताना मी विणायची, आणि ऊन अंगणात आलं की तो चौकोन तिच्या मांडीवर ठेवायची. त्याचं टोक मी मुद्दाम मोकळं सोडायची. माझं काम डोळ्यांसमोर नाहीसं होताना बघायला सुरुवातीला जड गेलं. मग तिच्याबरोबर मीच गुंडा गुंडाळायला लागले. ती ओढायची, मी गुंडाळायची.

अशा एका दुपारी ती आपणहून बोलली.

"पोर वाढी गयी," ती म्हणाली. "स्वेटर तोकडं व्हयी गयं."

"कोणाची पोर?"

"मनी. लहानी. तिले भलती थंडी वाजस."

तिची स्वतःची पोर. मला एकदम आठवलं. आमच्या लहानपणी दिवाळी संपली की आई गेल्या वर्षीची स्वेटरं उसवायला घ्यायची. लोकर धुवायची, लडी करून दोरीवर टांगायची, आणि वेटोळे सरळ व्हावेत म्हणून खाली पितळी तांब्या बांधायची. मग त्याच लोकरीत एखादा नवा रंग मिसळून मोठ्या मापाचं विणायची. माझ्या प्रत्येक स्वेटरात आधीच्या वर्षाचं स्वेटर असायचं. ती माझी शाल नासवत नव्हती. ती माझ्यासाठी विणायची तयारी करत होती, आणि मी तिच्याशेजारी बसलेली तिला ओळखू येत नव्हते.

"मग आता मोठं विणशील?" मी विचारलं.

"विनसू," ती म्हणाली. "पह्यले हाई उसवू दे."

तिचं निळं मनगट वर-खाली होत होतं. मी मान खाली घालून गुंडा गुंडाळत राहिले.

वहिनी सुरुवातीला सारखा फोन करायच्या. "त्या जेवल्या का? शौचाला झाली का? माझ्या नावाने रडतात का?" मी सगळं बरं आहे सांगायची. हळूहळू फोन कमी झाले. एकदा मीच लावला. फोन उचलला गेला, पण वहिनींचं लक्ष नव्हतं. त्या तिकडे कुणाशी तरी बोलत होत्या, त्यांच्या आईचा बारीक आवाज येत होता, आणि वहिनी हसत होत्या. मोठ्याने, श्वास लागेपर्यंत. माझ्या भावाशी त्यांचं लग्न झाल्यापासून मी त्यांना ओळखते. तसं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी न बोलता फोन बंद केला.

त्या परत आल्या तेव्हा पिशवीभर हिरवी वांगी आणि शेंगा घेऊन आल्या. त्यांची आई आता वॉकर धरून अंगणापर्यंत येते, म्हणाल्या. चप्पल काढून आधी आईकडे गेल्या. आईने वर पाहिलं. "उनी का माय?" ती म्हणाली, आणि तिने वहिनींचा पदर धरला. वहिनींनी तिचा हात हातात घेतला. मनगट उलटसुलट करून पाहिलं. निळं आता पिवळं पडलं होतं.

"माझ्या हातून झालं," मी म्हणाले. कसं झालं ते सगळं सांगितलं. वाटलं, त्या आता काहीतरी बोलतील, आणि बोलल्या तर बरं होईल.

त्या बराच वेळ तिच्या मनगटावर अंगठा फिरवत बसल्या. मग आईला ऐकू जाऊ नये तसं हळूच म्हणाल्या, "माझ्याकडूनही झालं आहे, ताई. तुमच्या भावाला माहीत नाही."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत अंगणात बसून राहिलो. शेवटी त्या उठल्या आणि वांगी भाजायला घेतली.

आता मी दर महिन्याला आठवडाभर धुळ्याला जाऊन राहते. तो आठवडा वहिनी पारोळ्याला असतात. भावाने आईला भरवायला घेतलं आहे. पहिल्या दिवशी आई ओरडली, नंतर नाही ओरडली. ती ओरडते हे त्याने फार लवकर मान्य करून टाकलं होतं. मी अजून विणते. कॉलनीत एकीला नात झाली, तिला गुलाबी झबलं दिलं, आणि तिने "स्वतः केलंत?" म्हटल्यावर मला पूर्वीसारखंच बरं वाटलं. पण त्या बरं वाटण्यात आता एक खडा लागतो. लोक म्हणतात, आईचं किती करते बघा ही. मी त्यांना सांगत नाही की महिन्यातले उरलेले सगळे दिवस कोण करतं. सांगायला हवं. दर वेळी वाटतं, आणि विषय पुढे गेलेला असतो.

आठवडा संपत आला की माझं लक्ष घड्याळाकडे असतं, हेही खरं आहे. जळगावची बस सुटली की मला मोकळा श्वास येतो, आणि त्याची लाज एरंडोलपर्यंत पुरते.

गेल्या खेपेला मी निघाले तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या. आईची ती रात्र वाईट गेली होती, वहिनी आल्या आल्याच कामाला जुंपल्या गेल्या होत्या. रिक्षा उभी होती. मी विचारलं, "अजून एक-दोन दिवस थांबू का?" मनातून मला वाटत होतं की त्यांनी नको म्हणावं. त्या नको म्हणणार हे मी धरूनच चालले होते. नको हो ताई, तुम्हाला घरचं बघायचं असेल, असं त्या नेहमी म्हणतात.

वहिनींनी एकदा आत पलंगाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"थांबा," त्या म्हणाल्या.

मी रिक्षावाल्याला नाही म्हटलं आणि बॅग उचलून आत नेली.